बारीक चाकांवर परत

माझ्या जीपला मी २०१६ साली रुंद चाकं बसवली आणि २०२० साली ती काढून मूळची बारीक चाकं परत चढवली. मधल्या चार वर्षांत मी मोहाडी तालुक्यातल्या निदान सहा जणांना जुन्या जीपला रुंद चाकं घ्यायला लावली. कोणाला चहाच्या टपरीवर पटवलं, कोणासोबत दुकानापर्यंत गेलो, एकाला तर त्याच्या मूळच्या रिम भंगारात द्यायला मीच सांगितलं. माझं मत आता पूर्ण बदललं आहे आणि ते त्या सहा जणांपर्यंत पोचायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

जीप महिंद्राची, एमएम ५४०, १९९२ सालची. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद देणारा वेगळा गिअर, वरून ताडपत्री. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, ती २००३ साली नागपुरातून जुनी घेतली. तेव्हापासून बियाणं, खताच्या पिशव्या, ऑइल इंजिन, रोवण्याच्या बाया, आजारी माणूस, लग्नातलं आंदण, सगळं तिनं वाहिलं. बाबूजींच्या हातात होती तोवर चाकांचा विषय घरात कधी निघाला नाही. टायर झिजला की त्याच मापाचा दुसरा, एवढंच. माप ६.०० × १६, म्हणजे टायरची रुंदी सहा इंच आणि रिम सोळा इंचाची.

माझं मन मात्र वेगळ्याच गाड्यांत अडकलेलं होतं. कॉलेजात असताना नागपूर स्टेशनवरच्या स्टॉलवर गाड्यांची जुनी मासिकं मिळत. त्यात अमेरिकन मसल कार पाहिल्या: १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, १९६७ ची कॅमारो, १९६९ ची डॉज चार्जर. मागची चाकं लोडासारखी रुंद, बॉडीच्या बाहेर डोकावणारी. आपल्याकडची त्यातल्या त्यात जवळची गाडी म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची १९८४ ची कॉन्टेसा. लांब बॉनेट, चौकोनी नाक, मागून ढकलणारी चाकं. नागपुरात एकाने आपल्या कॉन्टेसाला मागे जाड टायर घातले होते. ती गाडी सिग्नलला उभी असताना मी रस्ता ओलांडायचा सोडून बघत राहिलो होतो. ताकदवान गाडीला रुंद चाक हवं, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी बसलं आणि पुढची वीस वर्षं निघालं नाही.

बाबूजी गेल्यावर जीप माझ्याकडे आली. मी ३१ × १०.५ × १५ मापाचे टायर आणि आठ इंच रुंदीच्या, बाहेरच्या अंगाला खोल वाटी असलेल्या रिम घेतल्या. चाकं मडगार्डच्या चार बोटं बाहेर आली. नवरात्रात चौंडेश्वरीच्या देवळाकडे गाडी लावली की पोरं भोवती जमत. मला ते फार आवडायचं, आणि ती आवड खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही.

त्या वेळी मी लोकांना तीन गोष्टी सांगायचो. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर आणि जास्त पकड, ही पहिली. दुसरी, मूळची बारीक चाकं ही युद्धातली काटकसर होती, रबर मिळत नव्हतं म्हणून तसं माप ठरलं. आणि तिसरी, बोल्ट जुळले की चाक जुळलं. या तिन्ही गोष्टी मी अभ्यास करून सांगतो आहे अशा थाटात सांगत होतो. तिन्ही चूक होत्या.

पहिली चूक कळली ती शेतात जायच्या पांदणीत. २०१९ च्या रोवण्याचे दिवस होते. धानाच्या पऱ्ह्याच्या जुड्या भरून मी बांधीकडे निघालो. आमची ती जमीन कन्हार, काळी आणि चिवट. पाऊस लागला की पायातली चप्पल ओढून घेते. पांदणीच्या मध्यावर जीप थांबली. इंजिन चालू, चारही चाकं फिरताहेत आणि गाडी जागच्या जागी. उतरून पाहिलं तर पुढच्या प्रत्येक चाकासमोर चिखलाची गुडघाभर भिंत तयार झाली होती. चाकानेच ती ढकलत आणली होती. टायरच्या खाचा चिखलाने सपाट भरल्या होत्या, नक्षी दिसतच नव्हती. रबराऐवजी मातीचा गुळगुळीत रूळ फिरतो आहे असं वाटत होतं.

तेवढ्यात मागून एक बंडी आली. लाकडी चाकांची, आता तालुक्यात थोड्याच उरल्या आहेत. बैल वयस्क, माल माझ्याइतकाच. धुऱ्याला घासून बंडी माझ्या बाजूने निघाली, त्याच चिखलातून, आणि सरळ पुढे गेली. बंडीवर गावातले म्हातारे वाढई बसले होते. बंड्यांची चाकं करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. थोडं पुढे जाऊन ते उतरले आणि परत माझ्याजवळ आले.

“भाऊ, तुमचं चाक चिखलाले दाबते जी,” ते म्हणाले. “आमचं कापते. खालती कडक जमीन आहे. तिथवर गेल्याबिगर चाकाले पाय कुठं भेटंल?”

त्यांनी बैल हाकायची तुतारी घेतली आणि माझ्या चाकाशेजारी चिखलात खुपसली. एक वीत आणि वर चार बोटं जाऊन ती टक्‌ करून अडली. बाहेर काढून त्यांनी ओल्या खुणेवर अंगठा ठेवला आणि काही न बोलता मला दाखवली. कडक तळ माझ्या चाकांच्या बराच खाली होता, आणि मी त्याच्या वर तरंगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्यांच्या सांदवाडीत गेलो. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव पावणेदोन इंच रुंद, चाकाची उंची सव्वाचार फूट. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चाक उंच असलं की ते चिखलावर हळूच चढतं, ठेच लागल्यासारखं अडत नाही. धाव बारीक असली की वरचा लगदा फाटून दोन बाजूंना होतो. फार रुंद धाव चढवली तर बैल दमतात, आणि ही गोष्ट त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. आमच्याकडे चिखलणीच्या जमिनीखाली वर्षानुवर्षांच्या दाबाने कडक थर बसलेला असतो. पांदणीखाली तर कितीक पिढ्यांच्या बंड्यांनी ठोकून पक्का केलेला तळ आहे. आमच्या भागाचं चाक त्या तळासाठी घडलं आहे.

नंतर मी पकडीचा हिशोब नीट समजून घेतला. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. दाब तोच ठेवला तर रुंद टायरमुळे टेकणारी जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो: बारीक टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. आडवा ठसा चिखल समोर ढकलतो, लांबट ठसा त्यात वाट काढतो. पावसात डांबरी रस्त्यावर पाणी साचलं असेल तर तिथेही हेच. रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर पाण्यावर तरंगायला लागतो.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो असं होईल. वैनगंगेच्या पात्रातल्या कोरड्या रेतीत रुंद चाकं उत्तम चालतात. हवा कमी केली की जीप रेतीवर पसरून चालते, बारीक चाकं तिथे आसापर्यंत रुततात. बोडीच्या काठाला जिथे तळच नाही अशा दलदलीतही रुंदच बरी. आणि त्या अमेरिकन गाड्यांना ती चाकं का शोभतात, तेही मला आता कळतं. पाव मैलाची सरळ शर्यत, कोरडा रस्ता, सगळी ताकद मागच्या दोन चाकांतून जमिनीत उतरवायची, तिथे रबर जितकं रुंद तितकं चांगलं. पण कारखान्यातून निघालेल्या १९६४ च्या जीटीओला चौदा इंची रिम आणि आजच्या मानाने बारीकच टायर होते. मी चित्रांत पाहिलेली लोडासारखी चाकं पुढे शर्यतवाल्यांनी आणि हौशी मालकांनी चढवलेली. ती त्यांच्या रस्त्यासाठी बरोबर होती. माझा रस्ता वेगळा होता.

युद्धातल्या काटकसरीची गोष्ट तर तारखांपुढे टिकत नाही. ६.०० × १६ हे माप विलीज एमबी या लष्करी जीपचं, आणि ती १९४१ च्या अखेरीस बाहेर पडायला लागली. जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं ते १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत, आणि अमेरिकेची रबराची खरी टंचाई तिथून सुरू झाली. माप आधी ठरलं, टंचाई नंतर आली. चिखलात, बर्फात, फुटक्या रस्त्यांवर चालणाऱ्या हलक्या गाडीसाठी लष्कराने विचार करून घेतलेलं ते चाक होतं. युद्धानंतर महिंद्राने विलीजच्या जीप सुट्या भागांत आणून मुंबईत जोडल्या, पुढे इथेच बनवल्या, इंजिनं बदलली, बॉडी लांब केली, पण हे माप दशकानुदशकं टिकलं. इतकी वर्षं टिकलेल्या गोष्टीला मी काटकसर म्हणत होतो, याची मला खंत आहे.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. जीपच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. याला गॅरेजात पीसीडी म्हणतात. मारुती जिप्सीचाही पीसीडी हाच, त्यामुळे बाजारात या मापाच्या रिम भरपूर मिळतात. मी तेवढंच पाहिलं. पण चाकाचं आणखी एक माप असतं, ऑफसेट: बोल्ट जिथे बसतात ती पट्टी रिमच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे. मूळ रिममध्ये हे माप असं ठेवलेलं असतं की गाडीचं वजन हबमधल्या दोन बेअरिंगच्या मधोमध उतरावं. माझ्या खोल वाटीच्या रिमने चाक बाहेर नेलं आणि तो भार बाहेरच्या बेअरिंगवर सरकला.

आधी स्टिअरिंग जड झालं. मग तुमसर रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेलं की पुढची चाकं थरथरायला लागली. एकदा एका खड्ड्यानंतर ती थरथर इतकी वाढली की गाडी थांबेपर्यंत स्टिअरिंग दोन्ही हातांत धरवत नव्हतं, आणि शेजारी माझी बायको बसली होती. वळणावर पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासायचा, त्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती.

वरठीच्या मिस्त्रीने हब खोलला. डावीकडचं बाहेरचं बेअरिंग त्याने डिझेलमध्ये धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. रोलर निळे पडले होते. ज्या कपात ते फिरतात त्या कपावर नखाने जाणवतील अशा ओळी उमटल्या होत्या, आणि त्या फक्त अर्ध्या भागात. आतलं बेअरिंग त्याच वयाचं, त्याच ग्रीसमधलं, पण स्वच्छ चकचकीत. दोन्ही शेजारी ठेवल्यावर समजावून सांगायला काही उरलं नाही. “किंगपिनही गेल्या,” एवढंच मिस्त्री म्हणाला. पुढची चाकं वळतात ती याच पिनांवर.

मग मी चाकं धान मोजायच्या काट्यावर ठेवली. मूळ रिम आणि टायर मिळून साडेतेवीस किलो, नवं चाक तेहतीस. प्रत्येक कोपऱ्यावर साडेनऊ किलो वाढले होते, आणि तेही पाट्यांच्या खाली, जिथे प्रत्येक खड्ड्याचा मार थेट बसतो. उंची मूळ चाकाची साडेअठ्ठावीस इंच, नव्याची एकतीस. एका फेऱ्यात गाडी सुमारे आठ इंच जास्त सरकते. म्हणजे काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी चोपन्नवर असते, आणि चढावर जुन्या इंजिनाचा दम लवकर सुटतो. चार वर्षं मी इंजिन म्हातारं झालं म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर घरातही नीट सांगितली नव्हती. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. २०१७ साली तपासणीच्या आदल्या रात्री मी मूळ चाकं चढवली, गाडी दाखवून आणली आणि परत आल्यावर रुंद चाकं घातली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत होतं. कारखान्याने ठरवलेल्या मूळ मापांशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर तसाच निकाल दिला. मी जाणूनबुजून नियम चुकवला. आणि बदल लपवावा लागतो आहे यातच तो बदल बरोबर नसल्याची कबुली होती, हे मी त्या रात्री स्वतःशी मान्य केलं नाही.

२०२० च्या जून महिन्यात मूळच्या रिम कोठ्यातून बाहेर काढल्या. एकीला बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर होती, ती बाद केली. तिच्या जागी आणि सुट्या चाकासाठी म्हणून नागपूरच्या भंगारातून दोन रिम शोधल्या. मिस्त्रीने प्रत्येक रिम हबवर चढवून फिरवली आणि खडू एका जागी स्थिर धरला. सरळ रिमवर खडूची रेघ सगळीकडे सारखी उठते, वाकडीवर एकाच बाजूला उठते. सगळ्या सरळ निघाल्या. जुन्या रिम घेणाऱ्याने हे खडूचं काम आपल्यासमोर करून घ्यावं, त्याला पाच मिनिटं लागतात.

टायरबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे ही चूक सर्रास होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही ६.०० × १६ हेच माप असतं आणि तो टायर भंडारा-तुमसरच्या दुकानांत सहज मिळतो. त्यावर तीन उभ्या धारा असतात. तो शेतातल्या कमी वेगासाठी बनलेला आहे. माप जुळतं म्हणून तो जीपला घालू नका. आणि टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा दिसला तरी नवा नसतो.

२०२० च्याच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. भंडारा जिल्ह्यातल्या नदीकाठच्या लोकांना तो कधीच विसरता येणार नाही. पाणी उतरल्यावर रस्त्यांवर वीतभर गाळ राहिला, वरून सायीसारखा मऊ आणि खाली डांबर तसंच शाबूत. आम्ही तीन दिवस पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि तांदळाची पोती घेऊन फिरलो. बारीक चाकांनी गाळ कापला आणि जीप खालचं डांबर पकडून चालत राहिली. एकदाही ढकलावी लागली नाही. वाढईंनी चिखलात खुपसलेली तुतारी मला त्या तीन दिवसांत कितीदा तरी आठवली.

मुलगा पुण्याहून दिवाळीला आला तेव्हा अंगणात जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, “बाबा, हिचा रुबाबच गेला.” मी त्याला पांदणीत घेऊन गेलो आणि चावी त्याच्या हातात दिली. परत येईपर्यंत तो गप्प होता. घरी आल्यावर त्याने बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे ते विचारलं. मी दाखवलं: एक सोडून एक, चांदणीच्या आकारात, आधी हलके, मग पूर्ण जोराने, आणि पन्नास किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. रुंद चाकांची जीप दिसायला मला अजूनही आवडते. रस्त्यात दिसली की मान वळते. पण माझ्या गाडीला ती पुन्हा लागणार नाहीत.

ज्या सहा जणांना मी रुंद चाकं घ्यायला लावली, त्यांची मी मनापासून माफी मागतो. त्यांनी निदान एकदा पुढचे हब खोलून बाहेरचं बेअरिंग पाहावं, आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर त्या गाडीत लेकरांना बसवू नये. ज्याच्या रिम माझ्या सांगण्यावरून भंगारात गेल्या, त्याच्यासाठी चार मूळच्या रिम मी नागपूरहून आणून कोठ्यात ठेवल्या आहेत. खडूने तपासलेल्या आहेत. त्याने येऊन घेऊन जाव्यात, पैसे द्यायचे नाहीत.